बंपरला हात लावू नये

राहुरी,
दि. ४ सप्टेंबर २०२५

श्री. गोरक्षनाथ बाबुराव निबे यांस,
मु. पो. कोल्हार.

या पत्राच्या आरंभी आशीर्वाद लिहिलेला नाही. तो विसरून राहिलेला नाही.

गेल्या महिन्यात तुमचे तीन फोन आले. ते मी घेतले नाहीत. ज्याला आपल्या जिभेचा भरवसा उरलेला नाही अशा माणसाने लिहावे, कारण लिहिलेले वाक्य पाठवण्यापूर्वी पुन्हा वाचता येते. हे पत्र मी चार वेळा वाचले. त्यातील एकही शब्द सौम्य करावा असे मला वाटले नाही.

काल सायंकाळी सहादेव पेंटर माझ्याकडे आला होता. बावीस वर्षांपूर्वी तो माझ्या अकरावीच्या वर्गात होता. रसायनशास्त्रात दोनदा अनुत्तीर्ण झाला, तरी भेटला की वाकून नमस्कार करतो. म्हणाला, "सर, लोखंडावरचा क्रोम कशानं निघतो? तुमीच शिकवलं आसंल, पन मी त्या दिवशी वर्गात नसंन." एका ट्रकच्या बंपरला त्याने क्रोमवरूनच काळा रंग मारला होता आणि पहिल्या धुण्यातच तो कांद्याच्या सालीसारखा सुटून आला होता. आता आधी क्रोम उतरवायचा, मग डावी बाजू ठोकून सरळ करायची आणि मग रंग द्यायचा, असा त्याचा बेत होता. "डावी बाजू लई आत गेलीय सर. क्रोम आसताना ठोकली की तडकतो."

मी सहज विचारले, ट्रक कोणाचा?

"तुमच्या मेव्हण्यांचाच की! निब्यांचा."

त्याला वाटले, मला ठाऊक असेल. मला काहीच ठाऊक नव्हते.

तो बंपर माझ्या पत्नीने तुम्हाला दिला. तुमच्या घरात नवा बैल आला की बहिणीने त्याच्या पाठीवर झूल घालायची, अशी रीत होती. बैल गेले, ट्रक आला, म्हणून जानेवारीत सत्यशीलेने झुलीऐवजी बंपर दिला. तो तिने शिवणवर्गाच्या स्वतःच्या मिळकतीतून आणि आम्हा उभयतांच्या संमतीने दिला. अकरा फेब्रुवारीला तिचे निधन झाले. दिलेली वस्तू वापरून एक महिनाही झाला नव्हता. तो बंपर मी कोरा, आरशासारखा पाहिलेला आहे. मग तो आत कधी गेला?

आता माझे मुद्दे क्रमाने वाचा.

त्या दिवशी तुमच्या घरी तिच्या छातीत कळ आली, तेव्हा रुग्णवाहिकेची वाट न पाहता तुम्ही तिला ट्रकच्या केबिनमध्ये बसवले. कोल्हारहून लोणीची वाट दहा-बारा किलोमीटरची, आणि तिकडे मोठे रुग्णालय आहे. ती वाट सोडून तुम्ही पंचावन्न किलोमीटरवरच्या नगरचा रस्ता धरला. निघाल्याची वेळ तुम्हीच मला सांगितलीत : दोन वाजून पन्नास मिनिटे. नगरच्या रुग्णालयाच्या कागदावर आगमनाची वेळ आहे पाच दहा. रस्त्याची दुरवस्था धरूनही रिकाम्या ट्रकला एक तास चाळीस मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. मी गेल्या आठवड्यात एका चालकाशेजारी बसून तो मोजला आहे. पाच पन्नासला ती गेली. "थोडं आधी आणायला हवं होतं," असे तिथले डॉक्टर मला म्हणाले. हे वाक्य मी रोज ऐकतो.

मधली चाळीस मिनिटे कुठे गेली, गोरक्षनाथ? आणि ज्या ट्रकमधून तिला नेले त्याच ट्रकचा बंपर का चेपला?

याचे लेखी उत्तर मला आठ दिवसांत मिळावे. तोपर्यंत त्या बंपरला कोणीही हात लावू नये. क्रोम काढून, ठोकून, रंगवून टाकणे याला इतर लोक दुरुस्ती म्हणत असतील. मी त्याला पुरावा नष्ट करणे म्हणतो.

वैजनाथ म्हसे



कोल्हार,
१० सप्टेंबर

(बाबा बोलतात तसंच लिहिते आहे. एकही शब्द इकडचा तिकडे करायचा नाही, अशी तंबी आहे. — धनश्री)

दाजींना गोरक्षनाथचा दंडवत.

दाजी, तुमचं पत्र पोरीनं वाचून दाखवलं. दोनदा वाचाया लावलं, कारन पयल्यांदा मला वाटलं कोर्टाचं हाय.

आदी बंपरचं सांगतो. डावी बाजू राहुरीच्या मार्केटात चेपली. मार्च म्हैन्यात. कांदा खाली करून गाडी मागं घेत हुतो, खांबाला लागली. एवढंच. ट्रकला बंपर लावतात तो धडकाया लावतात, देव्हाऱ्यात ठेवाया न्हाई.

क्रोम का काढतो म्हनता, तर ऐका. ताईनं घातलेलं लेनं हाय ते. घरची लेक गेली तर आमच्यात वर्षभर बैलाला झूल घालत न्हाईत. शिंगं रंगवत न्हाईत. पोळ्याला बी बैल कोरा न्हेतात. मंग माझा ट्रक तोंडाला चांदी लावून नगर-मनमाड रोडनं मिरवत फिरनार व्हय? मी फाल्गुनातच काढनार हुतो. शीजन चालू हुता, गाडी उभी करता आली न्हाई. आता पासिंग आलंय, रंग द्यायचाच हाय, तवा काढतो. ह्याला पुरावा म्हना न्हाईतर काय बी म्हना.

चाळीस मिनिटांचं. दाजी, रस्ता कसा हाय तुमाला ठावं हाय. खड्डे हुते. ताईला हिसका बसू नये म्हनून हळू घेतली गाडी. तुमी ज्या गाडीत बसून वेळ मोजला त्या गाडीत तुमची बायको झोपली नव्हती. चाळीस मिनिटं खड्ड्यात गेली आसं लिवून घ्या. मिनिटं मोजायची सवय तुमाला परीक्षेच्या हॉलमधी लागली, मला न्हाई. मी त्या दिवशी घड्याळाकडं बगत नव्हतो.

लोनीला का न्हेलं न्हाई? सुचलं न्हाई. मी सातवी शिकलोय. शिकलेल्याला सुचतं ते मला न्हाई सुचलं. चुकलं. बास?

धनश्रीची आई केशर म्हनती, दाजींना म्हनावं आदी जेवाया या, मंग भांडा. मी म्हनलं ते भांडत न्हाईत, ते लिवतात.

तुमाला माझ्यावर राग धरायचा आसंल तर धरा. माझी काय हरकत न्हाई. पन बंपर माझा हाय आन माझ्या गाडीला हाय. सहादेवला मी सांगितलंय, आमोशा झाली की काम धर.

तुमचा
गोरक्षनाथ



राहुरी,
दि. १५ सप्टेंबर २०२५

श्री. गोरक्षनाथ निबे यांस,

तुमचे पत्र मिळाले. त्यातील असत्याचा भाग मी वेगळा काढला आहे, तो असा.

मार्च महिन्यात तुमचा ट्रक राहुरीच्या बाजार समितीत एकदाही आलेला नाही. मी तेथे जाऊन विचारले. फाटकावरची वही मला दाखवण्यात आली, कारण फाटकावर बसणारा गृहस्थही माझा विद्यार्थी आहे. सतरा मार्चपर्यंत तुमचा ट्रक उसाच्या वाहतुकीवर होता, पुढे बारा दिवस तो तुमच्या दारात उभा होता. हे खुद्द केशरबाईंनी शीजन संपल्यावर माझ्या चुलतबहिणीला केलेल्या फोनवरून मला कळले. खांब ही तुमची कल्पना आहे. कल्पना करण्यापूर्वी तुम्ही त्या खांबांचा रंग तरी पाहायला हवा होता. ते काळे-पिवळे आहेत.

रंगाचे सांगतो. मी सहादेवला त्या बंपरच्या चेपलेल्या भागाची नीट पाहणी करायला सांगितले होते. क्रोम जिथे तडकला आहे तिथल्या भेगेत त्याला दुसराच रंग अडकलेला दिसला. त्याने तो ब्लेडने खरवडून, वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून आणला. तो आत्ता माझ्या टेबलावर, भिंगाखाली आहे. हिरवा. लोखंडावर देतात तो तेलरंग, एकावर एक दोन हात दिलेला.

तेव्हा प्रकरण असे दिसते. अकरा फेब्रुवारीला, तिला घेऊन जाताना, तुम्ही वाटेत कोणत्या तरी हिरव्या वाहनाला धडक दिलीत. धडक दिल्यावर माणसे जमतात. माणसे जमली की हुज्जत होते. माझी पत्नी केबिनमध्ये श्वासासाठी झगडत असताना तुम्ही रस्त्यात उभे राहून कोणाशी तरी चूक कोणाची यावर वाद घालत होता. ती चाळीस मिनिटे खड्ड्यात नाही गेली, गोरक्षनाथ. ती तुमच्या तोंडातून गेली. तुमचे तोंड मला एकतीस वर्षे परिचित आहे.

आणि सात महिने तुम्ही माझ्यासमोर मान खाली घालून बसलात, माझ्या घरी येऊन पिठले-भाकरीचा डबा ठेवून गेलात, आणि यातला एक शब्दही बोलला नाहीत. धडकेपेक्षा मला त्याचा अधिक संताप येतो. अपघात कोणाकडूनही होऊ शकतो. डबा आणून देणे हे ठरवून करावे लागते.

दुखवट्याची झूल पांघरून तुम्ही जे झाकू पाहता ते मी झाकू देणार नाही. पंचवीस तारखेपर्यंत खरी हकीगत लिहून कळवा. अन्यथा सव्वीसला मी पोलीस ठाण्यात रीतसर अर्ज देईन. अर्जाचा मसुदा सोबत जोडला आहे. त्याचे शुद्धलेखन तपासून झाले आहे. फक्त तारीख घालायची बाकी आहे.

वैजनाथ म्हसे



कोल्हार,
१९ सप्टेंबर २०२५

मामा,

हे पत्र मी लिहिते आहे हे बाबांना माहीत नाही. तुमचा अर्ज त्यांनी घडी करून शर्टच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "देऊ दे. मी जाईन आत." आई रडते आहे. बाबा जेवत नाहीत, आणि तरी खरं लिहू देत नाहीत. काल मी चिडून म्हणाले, मग मीच लिहिते. तर त्यांनी मला आत्याची शपथ घातली. गेलेल्या माणसाची शपथ मोडली तर कोणाला काय होणार आहे? मी मोडते.

त्या दिवशी केबिनमध्ये मी होते. हे तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही, कारण तुम्ही कोणाला विचारलंच नाही. तुम्ही कागद विचारले, वह्या विचारल्या, फाटकावरचा माणूस विचारला. आत्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

रुग्णवाहिकेला फोन केला होता. पाऊण तास लागेल म्हणाले. म्हणून ट्रक. बाबांनी लोणीचाच रस्ता धरला होता. वळणावर आत्यानं त्यांची बाही पकडली. "गोरख, राहुरीकडून चल. ह्यांना घेऊ." बाबा म्हणाले, "ताई, दाजींना फोन करतो, ते येतील मागून." तुमचा फोन बंद होता. तीन दिवसांपासून बंद होता, मामा, आणि का बंद होता ते तुम्हाला चांगलं माहीत आहे. आत्या म्हणाली, "त्यांचा फोन लागत नाही. घरी जाऊनच घेऊ. मला एकटीला भीती वाटते." बाबा ओरडले, मी ओरडले. पण बाबांनी आयुष्यात कधी तिचा शब्द मोडलेला नाही. वळले राहुरीकडे. ही त्यांची चूक. ती ते रोज स्वतःला सांगतात, तुम्ही अर्ज देऊन सांगायची गरज नाही.

तुम्ही लिहिलंत, "उभयतांच्या संमतीने". ते वाक्य मी बाबांना दोनदा वाचून दाखवलं. संमती? बंपर दिला म्हणून तुम्ही आत्याला काय म्हणालात ते ती इथे येऊन सांगत होती. "ट्रकच्या थोबाडाला चांदी, आणि घरात अक्कल नाही." आणि म्हणालात, भावाच्या दारातच राहा. ती आली राहायला. तीन दिवस दर तासाला फोन लावून बघायची. छातीत जळजळ होत होती तर म्हणायची, यांना विचारते कोणती गोळी घ्यायची ते.

आता चाळीस मिनिटं. राहुरीतल्या डॉक्टरांनी तपासून जिभेखाली गोळी ठेवली आणि नगरला पळवा म्हणाले. त्यात दहा मिनिटं गेली. उरलेली तीस मिनिटं आम्ही तुमच्या गेटपुढे उभे होतो.

गेटला आतून कुलूप होतं. म्हणजे तुम्ही आत होता. ओट्यावर तुमच्या चपला होत्या. आत्यानं केबिनमधून मान उंच करून त्या बघितल्या आणि म्हणाली, "आहेत घरात." बाबांनी हॉर्न वाजवला. तीनदा, लांब. मग खाली उतरून गेट हलवलं, "दाजी! ओ दाजी!" केलं. चिकूच्या झाडांपलीकडून कोणीच आलं नाही. बाबा म्हणाले, "ताई, निघू." ती म्हणाली, "वाचत असतील. पाच मिनिटं थांब." पुन्हा पाच मिनिटं. पुन्हा पाच. तिचा घाम माझ्या ओढणीतून खाली टपकत होता. शेवटी बाबांचं डोकं फिरलं. ते ट्रकमध्ये चढले आणि तो गेटवर घातला.

कुलूप तुटलं नाही. मजबूत बसवलंत तुम्ही. गेट वाकलं, बंपर आत गेला. बाबा दुसऱ्यांदा मागे घेत होते तेव्हा आत्या काय म्हणाली सांगू? "गोरख, गेट मोडू नको रे. ते चिडतील."

तिचं हे शेवटचं पूर्ण वाक्य. पुढे नगरपर्यंत ती नुसतं माझं मनगट धरून होती.

हिरव्या रंगाचं वाहन शोधत होता ना? फेब्रुवारीपर्यंत तुमचं गेट कोणत्या रंगाचं होतं?

रुग्णालयात बाबा तुम्हाला "सरळ आलो" म्हणाले, कारण तुम्ही तेव्हा भिंतीला धरून उभे होता. मला म्हणाले, "ह्या माणसाला हे कळलं तर हा जगनार न्हाई. आपल्याला काय, आपन राग सोसू." गेले सात महिने ते सोसत आहेत. मला आता ते बघवत नाही.

उत्तर लिहू नका. मी वाचणार नाही.

धनश्री



राहुरी,
दि. २४ सप्टेंबर २०२५

गोरक्षनाथ,

धनश्रीचे पत्र मला मिळाले. तिला रागावू नका. तिने जे लिहिले ते लिहिण्याची जबाबदारी तुमची होती आणि ती तुम्ही टाळलीत, म्हणून ती एका एकवीस वर्षांच्या मुलीवर पडली.

अर्ज फाडला आहे. तुमच्याकडची प्रतही फाडावी.

आता जे लिहितो आहे ते एकदाच लिहीन.

अकरा फेब्रुवारीला शेजारी निरोप घेऊन आला तेव्हा मी घाईत कुलूप काढून निघालो, गेटकडे पाहिले नाही. ते वाकलेले मला त्या रात्री नगरहून परतल्यावर दिसले. उसाच्या ट्रॉल्या तिथे वळतात. त्यांपैकी एखादीचा धक्का लागला असेल, असे मी ठरवले. तिसऱ्या दिवशी, घरात माणसे सांत्वनाला बसलेली असताना, मी ट्रॉल्यांच्या बेजबाबदार वाहतुकीविरुद्ध नगरपरिषदेला दीड पानी तक्रार लिहिली. आठवड्याभरात नवे, काळे गेट बसवून घेतले. ते इतक्या घाईने का बसवले, हे मी स्वतःला विचारले नाही. हिरव्या रंगाची पुडी टेबलावर दहा दिवस होती. भिंगाखाली मी तिचे थर मोजले. त्यातला वरचा हात मी स्वतः, दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत दिलेला आहे. माणसाला जे पाहायचे नसते ते भिंगाखालीही दिसत नाही.

आणि हॉर्न. मागच्या खोलीत मी दार लावून बसलो होतो. पुस्तक उघडे होते, वाचन होत नव्हते. हॉर्न मला ऐकू आला. तीनदा. पहिल्याच वेळी माझ्या मनात आले, हा गोरक्षनाथचा ट्रक आहे. बहिणीची रदबदली करायला भाऊ आला आहे. ती स्वतः येईल तेव्हाच कुलूप निघेल, असे मी ठरवले आणि पान उलटले. पुढे गेटवर झालेला आवाजही मी ट्रॉलीच्या नावावर टाकला. त्यानंतर तुम्ही "सरळ आलो" म्हणालात. ते दोन शब्द मी बुडत्याने काठ धरावा तसे धरले. तुम्ही सरळ गेलात, म्हणजे हॉर्न दुसऱ्या कोणाचा होता. सात महिने मी तो दुसऱ्याचा केला. तो सिद्ध करण्यासाठी मला एक धडक हवी होती, एक वाहन हवे होते, एक दोषी हवा होता. तुम्ही जवळ होता.

पण तुमच्यावरचा माझा राग संपला आहे असे समजू नका. तो बदलला आहे. मला दया दाखवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? जे मला पहिल्या रात्री कळायला हवे होते ते तुम्ही डब्याखाली झाकून सात महिने माझ्या दारात ठेवत राहिलात. त्या काळात मी लोकांसमोर काय काय बोललो! तिला मी किती जपत होतो, हे दहाव्याला किती जणांना सांगितले! तुम्ही शेजारी बसून ऐकत होता. माझ्या प्रत्येक वाक्याला तुम्ही आतून हसला नाहीत, हे मला ठाऊक आहे. हसला असतात तर मला सोपे गेले असते.

आता एक मागतो. त्या बंपरचा क्रोम काढू नका. तो ठोकू नका, रंगवू नका. तो माझ्याविरुद्धचा एकमेव पुरावा आहे आणि तो तसाच, चेपलेला, ट्रकच्या समोर राहावा. रस्त्याने जाताना लोक विचारतील, काय झाले. तुम्ही खुशाल माझे नाव सांगा. पासिंगमध्ये अडचण येत असेल तर बंपर उतरवून माझ्या घरी पाठवा. मी तो गेटच्या आत, पायरीसमोर ठेवीन.

वैजनाथ



कोल्हार
२८ सप्टेंबर

दाजी,

धनश्री लिवून देत न्हाई म्हनली. म्हनून हे अक्षर माझं. लागलं तर दोनदा वाचा.

बंपर तसा ठेवनार न्हाई.

तुमाला शिक्षा पायजेल हाय, हे मला कळतं. मला बी पायजेल हाय. लोनीचं वळन मी सोडलं, गाडीचं चाक माझ्या हातात हुतं. पन तुमची शिक्षा माझ्या गाडीच्या तोंडाला बांधून मी गावोगाव फिरनार न्हाई. माझ्या बहिनीनं झूल दिल्ती. तिचा तुमी फळा करून टाकला, आदी माझ्या नावानं लिवलं, आता तुमच्या नावानं लिवता. ती तिनं त्याच्यासाटी दिली न्हवती.

आन तुमच्या घरी बी पाठवनार न्हाई. ती तुमाला दिली न्हवती. तुमी नको म्हनला हुता.

दयेचं म्हनता. दाजी, दया कसली. ताई म्हनली हुती ते चिडतील. तुमी चिडू नये म्हनून ती एकतीस वर्सं जपली. ती गेल्यावर ते काम माझ्याकडं आलं. मी ते केलं. आता मी बी दमलो. आता चिडा. घरात बसून चिडा, गेट उघडं ठेवून चिडा.

सहादेव आमच्या हिरीजवळ टाकी मांडून बसलाय. धुन्याचा सोडा, बॅटरी आन तार आनलीय, कुनीतरी त्याला मोबाईलमधी दाखवलं की वीज सोडली की क्रोम निघतो. पानी पिवळं व्हाया लागलंय. मला त्यातलं कळत न्हाई. हिरीचं पानी आमी पितो, गुरं पित्यात. तुमाला कळतं. राग तिकडं ठेवा आन ह्याचं काय करायचं ते सांगा.

गोरक्षनाथ



राहुरी,
दि. १ ऑक्टोबर २०२५
(सहादेवच्याच हाती. त्याला हे पत्र वाचून दाखवावे.)

गोरक्षनाथ,

ती वीज आत्ताच बंद करा. पत्र पुढे वाचण्यापूर्वी बंद करा.

पिवळे होत असलेले ते पाणी विष आहे. त्यातला क्रोम ज्या रूपात विरघळतो ते कातडीतून, श्वासातून शरीरात जाते आणि कर्करोग करते. विहिरीत त्याचा एक तांब्याही जाता कामा नये. टाकी जिथे आहे तिथेच, हलवताना सांडणार असेल तर न हलवता, झाकून ठेवा. गुरे लांब बांधा. सहादेवने हात भरपूर पाण्याने धुवावेत. ते पाणीही विहिरीपासून दूर, बादलीत धरावे. पिवळ्या पाण्याची विल्हेवाट तुम्ही करू नका. नगरच्या एम.आय.डी.सी.त असे पाणी रीतसर नेणारे लोक आहेत. त्यांच्याशी मी आज सकाळी बोललो आहे, ते सोमवारी गाडी पाठवतील.

सहादेवला सांगा, चूक त्याची नाही. त्याने मला विचारले होते. क्रोम कशाने काढावा, हे विचारायला तो माझ्या दारात आला, आणि मी त्याला उत्तर द्यायचे सोडून ट्रक कोणाचा ते विचारले. शिक्षकाने असे करू नये.

क्रोम काढण्याची रीत अशी आहे. विजेची गरज नाही. मिठाचे आम्ल, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, पुरते, आणि तेही सौम्य केलेले. आम्ल पाण्यात घालायचे, पाणी आम्लात कधीही नाही. काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, रबरी हातमोजे आणि चष्मा घालून. क्रोमचा थर केसाहून कितीतरी पातळ असतो, थोड्याच वेळात तो उतरतो. आम्ल हिरवे होत जाईल; घाबरण्याचे कारण नाही, तो क्रोमचाच रंग आहे. खाली पिवळसर झाक असलेला निकेलचा थर दिसेल. तो काढण्याच्या मागे लागू नये. त्यावर पॉलिश पेपर मारून तो खरखरीत करावा, सोड्याच्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने धुवावा, पूर्ण वाळवावा, मगच ठोकावा आणि प्रायमर द्यावा. गुळगुळीत पृष्ठभागावर दिलेला रंग टिकत नाही. उरलेले आम्ल चुन्याने मारून, त्याचा गाळ त्याच सोमवारच्या गाडीत द्यायचा.

परंतु यातले काहीही तुम्ही किंवा सहादेवने करू नये. रविवारी पाच तारखेला सकाळी नऊच्या एस.टी.ने मी येतो. आम्ल, हातमोजे, चष्मा, चुना माझ्याबरोबर असेल. काम मी करीन. सहादेवने बाजूला उभे राहून पाहावे, पुढच्या वेळी त्याला लागेल. मागच्या पत्रात मी तुम्हाला बंपर मागितला, ती मागणी परत घेतो. तुमचे म्हणणे बरोबर आहे. तो मला दिलेला नव्हता. एका दिवसापुरता मात्र तो माझ्या हातात द्या. ठोकण्याचे काम तुमचे आहे. त्यात मी पडणार नाही.

तुम्ही लिहिले, चिडा. मी चिडलेलाच आहे. तुमच्यावर, त्या वळणावर, हातात धरलेल्या त्या पुस्तकावर, आणि "पाच मिनिटं थांब" म्हणणाऱ्या तिच्यावरसुद्धा. एकतीस वर्षांत तिने एकदा तरी ते गेट मोडायला हवे होते. हे तिला आता सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहिले.

केशरबाईंना सांगावे, जेवण करू नये. मी भाकरी बांधून आणीन. आम्लाच्या हाताने कोणाच्या घरचे जेवू नये.

आणि धनश्रीला रविवारी माझ्यासमोर आणू नका. ती माझे उत्तरही वाचणार नाही म्हणाली आहे; तिला समजावू नका, मोठ्यांचा मान वगैरे सांगू नका. तुमच्या घरात मला जपणारी माणसे फार झाली. एकीने तरी माझ्यावरचा राग सोडू नये.

वैजनाथ